पाणी मागणारा प्रभू

शास्त्रपाठ : योहान ४:१–४२



शोमरोन प्रांतातील सूखार नावाच्या गावाजवळ, भर दुपारी, आमचा प्रभू याकोबाच्या विहिरीपाशी थकून बसला होता. शिष्य अन्न विकत घेण्यास गावात गेले होते. इतक्यात एक शोमरोनी स्त्री घागर घेऊन आली, आणि प्रभूने तिजपाशी प्यावयास पाणी मागितले. ह्या अध्यायावर आपल्या मंडळ्यांत पुष्कळ उपदेश होतात, आणि उपदेशक बहुधा लागलीच जिवंत पाण्याकडे वळतात. ते योग्यच आहे, कारण प्रभूही तिकडेच वळला. परंतु आज आम्ही त्या पहिल्या मागण्यापाशीच थोडे थांबू इच्छितो. ज्याच्या शब्दाने वादळ शमले, ज्याने काना येथील लग्नात रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस केला, त्याने त्या दिवशी एका परक्या बाईपाशी घोटभर पाणी मागितले. त्याजजवळ पोहरा नव्हता. हे त्या स्त्रीनेच अकराव्या वचनात त्यास बोलून दाखविले आहे. म्हणजे पाणी प्यावयाचे तर ते तिच्याच भांड्याने. आणि यहूदी लोक तर शोमरोन्यांशी व्यवहारही ठेवीत नसत. ती स्त्री चकित झाली ती ह्याचमुळे.

घागर, पोहरा, विहीर आणि विटाळ ह्या चार शब्दांचा अर्थ महाराष्ट्राच्या खेड्यातील ख्रिस्ती माणसास कोशात पाहावा लागत नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे महारवाड्यात किंवा मांगवाड्यात राहत. गावच्या विहिरीत त्यांस पोहरा सोडता येत नसे. कोणी वरून ओंजळीत पाणी घातले तर प्यावयाचे, नाही तर तहान तशीच घेऊन पुढे चालावयाचे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यावे, एवढ्याच साध्या गोष्टीसाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले, आणि त्याबद्दल त्या लोकांनी मारही खाल्ला. ज्यांच्या घराण्यात पाणी मागणे म्हणजे अपमान गिळणे होते, त्यांस शेजाऱ्याच्या दारी जाऊन पाणी मागा असे सांगणे सोपे नव्हे. आम्ही हे जाणून लिहीत आहो. तथापि, अपमान हा मागणाऱ्याचा नसून नाकारणाऱ्याचा असतो, हे विहिरीवर बसलेल्या प्रभूकडे पाहिले म्हणजे कळते. तो मागणाऱ्याच्या जागी स्वतः जाऊन बसला, आणि जिच्या हातचे पाणी कोणी यहूदी घेत नसे तिला त्याने देणारीचा मान दिला. त्याने ते पाणी खरोखर प्यायले की बोलता बोलता तसेच राहिले, हे योहान सांगत नाही. आम्हांस मात्र असे वाटते की, मागून न पिण्यासारखा तो नव्हता.

आता हा विचार घेऊन आम्ही आमच्या वाचकांस कुरकुंभास नेतो. हे गाव दौंड तालुक्यात पुणे–सोलापूर हमरस्त्यावर आहे. येथून एक वाट उत्तरेस दौंडकडे व पुढे अहिल्यानगरकडे जाते, दुसरी दक्षिणेस बारामतीकडे. जुन्या कागदांत ह्या मुलखास भीमथडी म्हणत. फिरंगाई मातेच्या देवस्थानामुळे गावाचे नाव दूरवर ठाऊक आहे, आणि नवरात्रात दर्शनास लोकांची दाटी होते. गेल्या काही दशकांत येथे औद्योगिक वसाहत झाली, रासायनिक कारखाने आले, आणि त्यांच्यामागून दूरच्या जिल्ह्यांतले व परप्रांतांतले कामगार आले. ते भाड्याच्या खोल्यांत राहतात, पाळीप्रमाणे कामास जातात, आणि सणाच्या दिवशी खोलीच्या उंबऱ्यावर बसून मोबाइलवर आपल्या आईशी बोलतात. अशा गावात चार-दोन ख्रिस्ती घरे असली, तर त्यांनी आपल्या प्रभूची ओळख शेजाऱ्यांस कशी करून द्यावी? आमच्यापुढे आज प्रश्न आहे तो हा.

एके काळी शिरूर येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते, आणि अशा ठाण्यांतून मिशनरी व देशी उपदेशक थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन खेड्याखेड्यांतून दौरे करीत. जत्रेत उभे राहून ते पुस्तके विकीत व भाषणे करीत. त्या कष्टांचा आम्ही आदरच करितो. परंतु आज जत्रेत उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात मोबाइल आहे, आणि मनात आणील तर मराठी पवित्र शास्त्र तो तेथल्या तेथे उघडू शकतो. त्याने जे अद्यापि पाहिलेले नाही ते ख्रिस्ती माणसाचे स्वयंपाकघर होय. नवरा-बायको एकमेकांशी कसे बोलतात, सासू आजारी असता सून काय करिते, मुलगा नापास झाला म्हणजे बाप काय म्हणतो, कर्ज झाले म्हणजे हे लोक कोणापुढे रडतात, हे त्यास कोणतेही पुस्तक दाखवीत नाही. ते पाहावयाचे तर त्याने आपल्या घरी आले पाहिजे. आणि तो आपल्या घरी यावा असे वाटत असेल, तर आपण आधी त्याच्या घरी गेले पाहिजे.

हा क्रम आमचा नव्हे. लूक १० ह्या अध्यायात प्रभूने सत्तर जणांस गावोगावी पाठविले, तेव्हा त्यांजपाशी थैली दिली नाही, झोळी दिली नाही, वहाणाही दिल्या नाहीत. ज्या घरात जातील तेथे त्यांनी प्रथम शांती म्हणावी, पुढे वाढतील ते खावे, घरोघर फिरत बसू नये, दुखणाइतांस बरे करावे, आणि मग देवाच्या राज्याविषयी बोलावे, असा त्याचा हुकूम होता. बोलणे शेवटी आहे, जेवणे आधी आहे, आणि ते जेवण दुसऱ्याच्या घरचे आहे. प्रभूने आपले निरोपे यजमान करून पाठविले नाहीत, पाहुणे करून पाठविले. स्वतःही तो तसाच वागला. यरीहोत जक्कयाच्या घरी त्याने आपण होऊन मुक्काम मागून घेतला, परूशाच्या पंक्तीस बसला, जकातदारांबरोबर जेवला, आणि त्याबद्दल लोकांनी त्याला खादाड म्हटले तेही ऐकून घेतले. पौल गलबत फुटून मिलिता बेटावर, म्हणजे हल्लीच्या माल्टावर, लागला, तेव्हा तेथील परक्या लोकांनी पावसात व थंडीत शेकोटी पेटवून सर्वांचा सत्कार केला. प्रेषिताने त्यांची ऊब घेतली. त्या लोकांस अद्याप शुभवर्तमान ठाऊक नाही, म्हणून त्यांचा विस्तव नको, असे त्याच्या मनात आले नाही.

आमच्या खेड्यांत पाहुणचार ही काही मिशनने आणलेली वस्तू नव्हे. उन्हातून आलेल्या वाटसरूस गूळपाणी द्यावे, हातपाय धुवावयास तांब्या पुढे करावा, आल्यागेल्यास भाकरतुकडा घालावा, हा आमच्या शेजाऱ्यांचा कुळाचार आहे. जी थोर गोष्ट शेजाऱ्याजवळ आधीच आहे, ती जणू आपणच प्रथम शिकवावयास आलो आहो अशा तोऱ्याने जो जाईल, त्याचे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

ह्याच तालुक्यात, कुरकुंभाहून पुण्याकडे जाताना, केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथे आहे, आणि १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून सुमारे ३०० स्त्रिया व मुली रमाबाईंनी आणून वाढविल्या, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेल. परंतु रमाबाई स्वतः प्रभूकडे कशा आल्या, ह्यातील दोन प्रसंग आम्हांस आजच्या विषयासाठी फार मोलाचे वाटतात. दोन्ही त्यांनी आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात लिहून ठेविले आहेत.

पहिला प्रसंग १८७८ सालचा, कलकत्त्याचा. रमाबाई त्या वेळी वीस वर्षांच्या होत्या. दुष्काळात आईबाप व बहीण गमावून, देशभर पायी फिरून, त्या व त्यांचा भाऊ तेथे पोहोचली होती. तेथील काही ख्रिस्ती लोकांनी त्या दोघांस आपल्या एका मेळाव्यास बोलाविले. स्वागत प्रेमाने झाले, खाण्यापिण्याचे पदार्थ पुढे आले. सोवळ्यात वाढलेल्या त्या भावंडांना वाटले की, आता कलियुग खरेच पूर्ण भरले. कारण आपल्याच देशाचे लोक साहेबांबरोबर बसून खात होते. मग सर्वांनी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटले. समोर मूर्ती नाही, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असा त्यांचा ग्रह झाला. निघताना त्यांस संस्कृत पवित्र शास्त्राची एक प्रत मिळाली. यजमानांच्या मनात काही खोट नव्हती. परंतु आलेला पाहुणा काय खातो, काय खात नाही, कशाने बुजतो, हे विचारण्याची आठवण कोणास राहिली नाही.

दुसरा प्रसंग त्यानंतर पाच वर्षांनी, इंग्लंडात घडला. वाँटेज येथील धर्मभगिनींकडे रमाबाई राहत होत्या. त्यांस लंडनातील फुलम येथे एक घर पाहण्यास पाठविले. ज्या स्त्रियांस जगाने पतित म्हणून टाकले होते, अशांस त्या घरी भगिनी ममतेने सांभाळीत होत्या. आणि त्यांपैकी काही स्त्रिया पुढे सावरून इतर दीनांची सेवा करू लागल्या होत्या. हे पाहून रमाबाईंस आश्चर्य वाटले. अशा स्त्रियांविषयी इतकी कळकळ ह्यांस कोठून आली, असे त्यांनी होऊन विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील चवथा अध्याय वाचून दाखविला. तोच, जो आजचा आमचा पाठ आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आपली मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

बंधुजनहो, दोन्ही ठिकाणी शास्त्र तेच होते. कलकत्त्यास ते न मागता हाती पडले. फुलम येथे प्रश्न आधी आला आणि अध्याय मागून. त्या भगिनींनी रमाबाईंस दाखविण्यासाठी म्हणून काही मांडले नव्हते. त्या आपल्या रोजच्या कामात होत्या, आणि रमाबाई त्या कामाच्या आत जाऊन उभ्या राहिल्या.

येथे एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. आपले शेजारी आपल्यावर आरोप करितात की, ख्रिस्ती लोक आमिष दाखवून धर्मात ओढतात. आपल्या वाडवडिलांविषयी ते पोटासाठी बाटले असे पुष्कळ वेळा बोलले गेले आहे. हा आरोप झटकून टाकणे सोपे आहे. तो तोलून पाहणे अधिक बरे. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन काढिले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणिले. तेथे ब्राह्मण मुलींस आपले सोवळे व आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली जाऊन बसू लागल्या. १८९३ साली ह्यावरून पुण्यात मोठा गलबला झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळ सोडिले, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपले दार लावून घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात राहावयाचे तेथे आपला देव लपवून ठेवणे हाही पाहुण्याशी एक प्रकारचा अप्रामाणिकपणाच आहे. पण त्या पालकांची भीती खोटी होती असेही आम्ही म्हणणार नाही. ज्यास निवारा दुसरीकडे नाही, त्यावर निवारा देणाऱ्याच्या मनाचे वजन पडते, मग तो बोलो अथवा न बोलो.

म्हणून आमचे मत असे आहे. ज्याने नोकरी लावली, उसने पैसे दिले, किंवा खोली भाड्याने दिली, त्याने त्या माणसापाशी धर्माची गोष्ट काढताना दहा वेळा विचार करावा. कारण त्या माणसास नाही म्हणणे जड जाते, आणि जेथे नाही म्हणता येत नाही तेथे होय म्हणण्यास काही किंमत नाही. स्नेह खरा की आमिष, हे ओळखण्यास प्रत्येकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हा माणूस जन्मभर ख्रिस्ती झाला नाही, तरी मी त्याच्या मुलाच्या लग्नास जाईन काय, त्याच्या दुखण्यात रात्र जागवीन काय? उत्तर होय असेल, तर निर्भयपणे मैत्री करा. उत्तर नाही असेल, तर तेथे अद्याप मैत्रीच झालेली नाही, साक्ष तर लांबच. लूक १७ मध्ये प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि एकच परत आला. बाकीच्या नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले, असे कोठे लिहिलेले नाही.

आता एक अडचण. कुरकुंभासारख्या गावी राहणारे ख्रिस्ती लोक आम्हांस विचारतील की, शेजाऱ्याच्या घरी जा म्हणता, पण नवरात्रात तेथे प्रसाद पुढे येतो, त्याचे काय करावे? हा प्रश्न करिंथ येथील मंडळीपुढे जसाच्या तसा होता, आणि पौलाने पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात त्याचा निकाल दिला आहे. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवावयास बोलाविले आणि जावेसे वाटले, तर जावे; पुढे येईल ते चौकशी न करिता खावे. परंतु हे मूर्तीस अर्पिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. आम्हांस वाटते, ह्यात सर्व आले. लग्नाच्या पंगतीस, बारशास, घरभरणीस खुशाल जावे आणि पोटभर जेवावे. आमंत्रण आले असता धर्माचे निमित्त करून घरी बसणारे काही लोक असतात. ते धर्म रक्षीत नाहीत, शेजार मात्र गमावतात. प्रसाद पुढे झाला तर तोंड वाकडे करू नये, मूर्तीविषयी व्याख्यान देऊ नये, आणि घेऊन मागल्या दारी टाकूनही देऊ नये, कारण ते लबाडीचे आहे. हात जोडून सांगावे : “मावशी, तुमची माया माझ्या शिरावर, पण देवापुढचे मी घेत नाही, चुलीवरची भाकर घाला, ती मागून घेऊन खातो.” जी म्हातारी तुम्हांस मनापासून प्रसाद देते, ती असे उत्तर समजू शकते. देव ही खरी गोष्ट आहे आणि त्याच्याशी खोटे वागू नये, हे तिला पुष्कळ शिकलेल्या लोकांपेक्षा अधिक कळते. आणि एखाद्या ख्रिस्ती बांधवाने ह्याहून निराळे वर्तन केले, तर रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढून आधी स्वतः वाचावा. त्याचा न्याय मंडळीच्या ओट्यावर बसून करू नये.

ह्याची दुसरी बाजूही आहे. माळकरी शेजारी आपल्या घरी यावयाचा असेल, तर ज्या पातेल्यात काल मटण शिजले त्यात त्याचा चहा करू नये. एकादशीस आलेल्या बाईपुढे पोळी ठेवून आग्रह करू नये. ज्यास आपल्या घरचे पाणीही चालत नाही असा कोणी अद्यापि असेल, तर त्यास केळे द्यावे, ओट्यावर घोंगडी टाकावी, आणि त्याच्या मनाची गाठ सुटेपर्यंत थांबावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या तेव्हाही आपले सोवळे सांभाळून निराळा स्वयंपाक करीत, आणि टिळकांनी ते चालू दिले. स्वतःच्याच घरात निराळी चूल पाहून त्यांस किती दुःख झाले असेल, ह्याची कल्पना करावी. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. परंतु त्याआधी जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्याचा उलगडा त्यांनी स्वतःच्या मनाशी केला, आणि कोणाही माणसाच्या हातचे खावयाचे ठरविले. त्यांची “स्मृतिचित्रे” ज्या घरात नाहीत त्या घराने ती आणावी, एवढे जाता जाता सांगतो.

पाहुणचारावर उपदेश करणारे बहुधा पुरुष असतात, आणि स्वयंपाक बायकांस करावा लागतो, हीही एक गोष्ट बोलून टाकलेली बरी. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून आतिथ्याचा महिमा गावा, घरधन्याने चार माणसे बोलावून आणावी, आणि शेतातून दमून आलेल्या बाईने रात्री पुन्हा चूल पेटवावी, असा प्रकार होऊ नये. बेथानीतील मार्थेची तक्रार प्रभूने ऐकून घेतली, तिला उत्तरही दिले. पण त्या दिवशी भांडी कोणी घासली, हे लूक सांगत नाही. कुरकुंभाच्या खोलीत एकटा राहणारा कामगार काही पंचपक्वान्नांचा भुकेला नसतो. भाकरी, पिठले, कांदा, आणि बसावयास एक पाट पुरे. घरधन्याने पाणी भरावे व ताटे विसळावी. पाहुणा ते पाहील, आणि ख्रिस्ती घर म्हणजे काय ते त्यास बोलल्याशिवाय कळू लागेल.

नाताळात आपल्या घरी करंज्या होतात, आणि त्यांची ताटे शेजारी जातात, ही फार चांगली चाल आहे. दिवाळीस त्याच ताटांतून फराळ परत येतो. परंतु ताटे केवळ आपल्या बरोबरीच्या घरांत फिरत राहिली, तर लूक १४ मध्ये प्रभूने यजमानास जे सांगितले ते राहूनच गेले. जे परतफेड करू शकत नाहीत त्यांस बोलाव, असे त्याचे म्हणणे आहे. आणि परक्यांकडे जाण्याआधी आपल्याच मंडळीत पाहावे. अमुक घराणी पूर्वी महार, अमुक पूर्वी मांग, हा हिशेब अजून कित्येक ठिकाणी पंगतीत व सोयरिकीत चालतो, हे सर्वांस ठाऊक असून कोणी बोलत नाही. प्रभुभोजनाच्या एकाच मेजापाशी गुडघे टेकणारी माणसे घरी गेल्यावर एकमेकांच्या ताटास शिवत नसतील, तर शेजाऱ्याने आपल्या घरी येऊन काय पाहावयाचे? करिंथच्या मंडळीस पौलाने अकराव्या अध्यायात ज्या कडक शब्दांत दटावले, ते शब्द अशा मंडळीत मोठ्याने वाचले जावेत.

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल की, मग तोंडाने सांगावयाचे केव्हा? विचारल्यावर सांगावयाचे, आणि विचारल्यावर अवश्य सांगावयाचे. आपल्या आशेचे कारण कोणी विचारील तर सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सिद्ध असावे, असे पेत्राने पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे. शेजारी विचारतो आणि आपण लाजून “आमचा धर्म तसा आहे” एवढे बोलून गप्प बसतो, हा विनय नव्हे. टिळक १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता त्यांच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. सत्ताधारी जातीचा असून तो त्यांच्याशी सौजन्याने वागला, काव्याविषयी बोलला, आणि उतरण्यापूर्वी त्याने त्यांस नवा करार दिला. टिळकांनी तो पुढे वाचावयास घेतला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी पोहोचल्यावर त्यांस तो खाली ठेववेना. त्या प्रवाशाने प्रथम जागा दिली, मग कान दिला, आणि पुस्तक शेवटी दिले. त्याने पुस्तक दिलेच नसते, तर तो एक भला साहेब होता एवढीच आठवण टिळकांजवळ राहिली असती.

सूखारच्या लोकांनीही प्रभूस आपल्या गावी राहण्याची विनंती केली, आणि तो दोन दिवस राहिला. दोन रात्री तो शोमरोन्यांच्या घरी निजला, त्यांच्या हातचे जेवला. बरोबरच्या शिष्यांसही जेवावे लागले असेल. पेत्राने त्या ताटाकडे पहिल्या रात्री कसे पाहिले असेल, हा विचार आमच्या मनात पुष्कळ वेळा येतो. कारण पुढे यापो येथे छपरावर त्यास स्वर्गातून चादर दाखवावी लागली, तेव्हा कोठे तो कर्नेल्याच्या घरी गेला.

शेवटी एका व्यवहाराच्या गोष्टीविषयी. तुकोबांची पालखी दरवर्षी यवत, वरवंड, पाटस करीत रोटी घाटातून उंडवडीकडे जाते. कुरकुंभ तेथून जवळच आहे. वाटेवरची गावे वारकऱ्यांस जेवू घालतात, पाय चेपतात, पाणी देतात. टिळक तर आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे मानीत, तेव्हा ह्या वाटेवर ख्रिस्ती माणसास परके वाटण्याचे कारण नाही. वाटेवरील मंडळ्यांनी पाण्याचा रांजण भरून ठेवावा की नाही, आणि ठेविल्यास त्याबरोबर शुभवर्तमानाची पत्रके वाटावी की नाही, हा विचार तरुणांच्या मनात येणारच. आमचे मत असे की, रांजण अवश्य ठेवावा. पत्रके ठेवू नयेत. तहानेल्या माणसास पाणी आणि कागद एकाच हाताने दिला, तर पाण्याची किंमत कागदाने भागविली असे त्यास वाटते. रांजणावर स्वच्छ फडके बांधावे, तांब्या रोज घासावा, आणि देणाऱ्याने उभे राहून द्यावे. एखाद्या माउलीने टेकून बसून विचारलेच की, तुम्ही कोण, कोणत्या गावचे, तर आपले नाव सांगावे, आपण ख्रिस्ती आहो हे सांगावे, आणि तिच्या डोक्यावरची तुळस जरा वेळ सावलीत ठेवावयास जागा करून द्यावी. तिने आपल्या पिशवीतला चुरमुऱ्याचा लाडू पुढे केला, तर तो घ्यावा आणि तिच्यासमोर खावा.